मागची गर्दी

माझी आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा म्हणावा असा एकही फोटो सापडला नाही. आणि आमच्या भागात चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस गेलं असं कुणी धरत नाही. डॉक्टरांचा दाखला नसला तरी चालेल, दहाव्याला कावळा उशिरा शिवला तरी चालेल, पण भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे. त्यावर माणसाचा हसरा चेहरा, दोन्ही बाजूंना समया, वर पांढरी कबुतरं आणि खाली शोकाकुल नातवंडांची रांग. शेवटी माझा भाऊ चुलत बहिणीच्या लग्नातला घोळक्याचा एक फोटो घेऊन बारामतीच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "काळजी करू नका, मागची गर्दी काढून देतो."

त्याने ती खरंच काढली. मामा, मावश्या, कडेवरची पोरं, मांडवाचा खांब, सगळं पुसून आईच्या मागे निळं आकाश घातलं. फक्त आईच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला, हिरव्या बांगड्यांचा, मनगटाच्या मागे काहीच नसलेला. तो माझ्या मावशीचा हात होता. मावशी तेव्हा चांगली हिंडतीफिरती होती. चौकात उभी राहून तिने तो फ्लेक्स नीट बघितला आणि भावाला म्हणाली, "माझा हात तेवढा ऱ्हाऊ दे रं. तिला एकटीला तितं करमायचं न्हाय." दुखवट्याच्या घरात त्यावर सगळे हसले, मीही हसले.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच पद्धतीने झालं. कुणी दुष्टपणा केला नाही. दुष्टपणा असता तर मला नीट भांडता तरी आलं असतं.

मी इतिहासाची शिक्षिका. नोकरीची सगळी वर्षं इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत काढली. आता निवृत्त होऊन बारामतीत राहते, एमआयडीसीच्या रस्त्याला. सकाळी पाळीला जाणाऱ्या मोटारसायकली माझ्या गॅलरीतून दिसतात. त्यांतल्या एकीच्या मडगार्डवर त्या जर्मन हुकूमशहाचं नाव झोकदार अक्षरात रंगवलेलं आहे. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्याचं नाव लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे कडक सासऱ्याला, कडक मुकादमाला, वेळेवर वर्गात येणाऱ्या मास्तराला कौतुकाने त्याचंच नाव देतात.

महायुद्धाचा धडा घेतला की दरवर्षी मागच्या बाकावरून एक आवाज यायचाच. "पण बाई, माणूस भारी होता. शिस्त लावली त्यानं." माझ्या डोक्यात तिडीक जायची. कुणाला लावली, असं विचारलं की बाक गप्प. पोरांना त्याची मिशी माहीत, त्याचं हातवारे करून बोलणं माहीत. त्याने मारलेल्यांपैकी एकाचीही गोष्ट माहीत नाही. ती त्यांना कुणी सांगितलेलीच नव्हती, त्यामुळे राग पोरांवर काढण्यातही काही अर्थ नव्हता. तरी मी काढायचे.

मग मी पुस्तक बाजूला ठेवून सांगायचे. ज्यूंच्या घरी जन्माला आले एवढ्याच कारणासाठी दुकानदार, शिंपी, डॉक्टर, बाळंतिणी, शाळेत जाणारी मुलं, सगळ्यांना घरातून बाहेर काढलं, रेल्वेच्या मालडब्यांत कोंबलं आणि छळछावण्यांत नेऊन मारलं. साठ लाख माणसं. साठ लाख म्हणजे किती हे पोरांना कळायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नाही. म्हणून मी एकाच गावाचं सांगायचे. सकाळी बाजार भरलाय, दुसऱ्या दिवशी तिथे भाजी घ्यायला कुणी नाही आणि विकायलाही कुणी नाही.

एका वर्षी वर्गात पळसदेवची एक मुलगी होती, मासेमारी करणाऱ्या घरातली. मामाकडे राहून शिकत होती. पळसदेवचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचं देऊळ वर येतं. ती उठून म्हणाली, "बाई, म्हंजी आमच्या जुन्या गावागत?"

मी म्हटलं, नाही. तसं अजिबात नाही. तुमच्या आजोबांना गावातून उठवलं, मोबदला रडतखडत मिळाला, जमीन कुठल्या कुठे दिली, हा अन्याय आहेच. पण कुरकुर करायला तुझे आजोबा उरले आणि ती ऐकायला तू जन्माला आलीस. त्या गावांत कुरकुर करायलाही कुणी उरलं नाही. वर्गात इतकं तोडून बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं, पण ती खाली बसली ती माझ्याकडे एकटक बघतच राहिली. पुढे तीच इतिहास घेऊन शिकली, बीएड झाली आणि मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्याच शाळेत माझ्याच विषयाला लागली.

लागली, पण पुरती लागली नव्हती. शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काही वर्षं राबायचं, मुदत संपत आली की मुख्याध्यापक तुमच्या कामाचा अहवाल देणार आणि मग कायम व्हायचं, अशी ती रीत. तिची मुदत येत्या उन्हाळ्यात संपत होती. नवरा दूध प्रकल्पात कंत्राटी, काम कधी असायचं, कधी नसायचं. पदरात लहान मूल. फोनवर बोलणं संपवताना ती दर वेळी म्हणायची, "बाई, एकदा कायम झाले ना, मंग बघा मी काय काय करते ते."

जानेवारीत तिचा फोन आला. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी जगभर त्या मारल्या गेलेल्या माणसांचा स्मरणदिन पाळतात, तो आपल्या शाळेत करायचा आहे, पाहुण्या म्हणून तुम्ही या. मला खरं वाटेना. मुख्याध्यापक कसे काय तयार झाले, असं मी विचारलं.

ती हसायला लागली. "मांडव आन् स्पीकर सव्वीस तारखेसाठी आणायचाच हाय. सर म्हणले, एका मांडवात दोन कार्यक्रम होत असतील तर घ्या उरकून."

हे मुख्याध्यापक माझ्या डोळ्यांसमोर शाळेत लागले होते. माणूस तसा गोड. कुणाच्या घरी कार्य असो, मयत असो, हे पहिले हजर. कार्यक्रमांची हौस मात्र दांडगी. शाळेत बारा महिने कुणाची तरी जयंती, कुणाची तरी पुण्यतिथी चालूच. प्रतिमेचं पूजन, नारळ, दोन शब्द, फोटो आणि तो फोटो लगेच ग्रुपवर. प्रतिमेशिवाय कार्यक्रम ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसणारच नव्हती, आणि तिथेच घोडं अडलं. "मॅडम, साठ लाख म्हणताय," त्यांनी तिला विचारलं, "मंग फोटू कुणाचा ठेवायचा?"

तिने छावण्यांचे फोटो दाखवले. ते बघून सर चिडले. "हाडांचे सापळे लावता व्हय शाळंत? ल्हान पोरं जेवायची न्हाईत. एखादा बरा फोटू द्या."

मग तिने खूप शोधून एक फोटो दिला. छावणीच्या रेल्वे फलाटावरचा. गाडी नुकतीच आलीय, माणसं उतरलीत, बायकांच्या डोक्याला रुमाल, हातात गाठोडी, मुलं आयांना बिलगलेली. गणवेषातले अधिकारी त्यांची वाटणी करतायत, कुणी कामाला जायचं आणि कुणी सरळ मरायला. तिने तोच का निवडला ते तिने मला फोनवर सांगितलं. "ह्या फोटूत ती जिती हायत, बाई. आपल्या पायावर हुबी हायत. पोरांनी त्यांना हुबी बघावी."

मला तिचा अभिमान वाटला. आपण एवढी वर्षं केलेली बडबड निदान एका ठिकाणी रुजली, असं वाटलं. रात्रभर काय बोलायचं ते मनात जुळवत होते. कितीतरी वर्षांनी मी पोरांसमोर उभी राहणार होते आणि या वेळी मला घंटेची घाई नव्हती.

बारामतीहून इंदापूरची बस धरली. गाळपाचा हंगाम, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. बस त्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने चाललेली. निमगावला बस बराच वेळ थांबली, तिथून पुढे रिक्षाने गेले. शाळेच्या फाटकात रांगोळी होती, मांडवाला आदल्या दिवशीच्या तिरंगी पताका तशाच होत्या, पोरं सतरंज्यांवर ओळीत बसलेली, कडेला खुर्च्यांवर काही पालक. मुख्याध्यापक लगबगीने पुढे आले आणि खाली वाकून पाया पडले. मी मान वर केली आणि व्यासपीठावरचा फ्लेक्स पाहिला.

मला आधी टोपी दिसली. उंच टोपी, पुढे चकचकीत पट्टी आणि तिच्यावर कवटीचं चिन्ह. त्याखाली एक देखणा, दाढी घोटलेला, कुणाला तरी काहीतरी सांगत असलेला चेहरा. गणवेष कडक इस्त्रीचा. मागे निळं आकाश, दोन्ही बाजूंना समया, वर कबुतरं. खाली मोठ्या अक्षरांत, 'महायुद्धातील हुतात्म्यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्याही खाली, 'शोकाकुल, समस्त शाळा परिवार'.

फलाटावरचा अधिकारी होता तो. कोण जगणार आणि कोण मरणार ते ठरवणारा. बाकीची सगळी माणसं गेली होती. रुमालवाल्या बायका नाहीत, गाठोडी नाहीत, पोरं नाहीत. नाही म्हणायला त्याच्या कोपराजवळ फ्लेक्सवाल्याकडून एक गोष्ट पुसायची राहिली होती. एक हात. विटक्या बाहीतून आलेला, बोटं थोडी उघडलेली. मला मावशीची आठवण झाली.

तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. नवी साडी नेसलेली, चेहरा पांढराफटक. पाया पडायचं निमित्त करून हळूच म्हणाली, "सकाळी आल्या आल्या बघितलं, बाई. सरांना सांगितलं, ह्यो मारणारा हाय, मेलेला न्हाय. ते म्हणले, आता दुसरा कुठनं आणायचा, पालक येऊन बसलेत, कुणाला कळतंय." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुमी काय बोलू नका. पाया पडते. माझा अहवाल सरांनी अजून लिवलेला न्हाय."

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मुख्याध्यापकांनी मला खुर्चीकडे नेलं, शाल दिली, नारळ दिला. ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं. एका मुलीने माझा परिचय वाचला, त्यात मी किती प्रेमळ होते वगैरे सगळं खोटंनाटं होतं. मी समोरच्या पोरांकडे बघत होते. ती त्या टोपीवाल्याकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडावर आदर होता. कवायतीला उभं राहताना असतो तसा. ही पोरं तो चेहरा आता जन्मभर लक्षात ठेवणार, आणि कुणी विचारलं तर सांगणार की आमच्या शाळेने एकदा ह्या शहिदाला हार घातला होता.

"आता आदरणीय मॅडमच्या शुभहस्ते प्रतिमेस पुष्पहार अर्पण करण्यात येईल," असं मुख्याध्यापकांनी स्पीकरवर सांगितलं.

हार झेंडूचा होता, पाणी मारलेला, जड. मी तो उचलून फ्लेक्सपर्यंत गेले. कोपऱ्यात ती उभी होती, तिचे डोळे मला ओरडून सांगत होते ते मला कळत होतं. घालावा आणि खाली बसावं. नंतर बारामतीला जाऊन कुणालाही काही सांगू नये. पण हार वर उचलण्याऐवजी मी वळले आणि हार पुन्हा ताटात ठेवून दिला.

"हा हुतात्मा नाही," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला लागला, मला माईकची गरज पडली नाही. "ज्यांच्यासाठी आपण इथे जमलोय त्यांना मारणाऱ्यांतला हा एक आहे. ती माणसं ह्याच फोटोत ह्याच्या मागे उभी होती. फ्लेक्स करताना त्यांना काढून टाकलं. हा एवढा हात राहिलाय, ह्याच्याकडे बघा. कुणाचा आहे मला माहीत नाही, बाईचा आहे की पुरुषाचा ते मला माहीत नाही. आजचा कार्यक्रम ह्या हाताचा आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग तेही थांबलं. पहिल्या ओळीतली मुलं मान पुढे काढून तो हात शोधत होती. आयुष्यात शिकवायला उभी राहिले त्यात पोरं इतकी शांत कधी बसली नव्हती. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

माईक मुख्याध्यापकांच्या हातात होता, आणि माईक हातात असला की तो माणूस कधी अडखळत नाही. मॅडमनी आपल्या अगाध ज्ञानाने एक अनवधानाने झालेली चूक लक्षात आणून दिली, असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. मग म्हणाले, "सदर फोटोची निवड आमच्या इतिहासाच्या शिक्षिकेने केली होती. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

ती पुढे आली. माझ्याकडे बघितलं नाही. "फोटो मी दिला होता," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी सर्वांची माफी मागते." शुद्ध भाषेत, एकेक शब्द तोडून, जसं मी तिला वक्तृत्व स्पर्धेसाठी बोलायला शिकवलं होतं तसं.

मी उठून माईक ओढून घेतला. चूक हिची नाही, मी म्हटलं. हिने पूर्ण फोटो दिला होता. हिने आज सकाळीच सरांना सांगितलं होतं आणि सरांनी राहू दे म्हटलं. हे मी सगळ्या पालकांसमोर, स्पष्ट मराठीत, बोट दाखवून सांगितलं.

मुख्याध्यापक हसले. इतकं प्रेमाने हसले की मी बोलायची थांबले. "पाहिलंत का?" ते पालकांकडे वळून म्हणाले. "गुरुमाउलीचं काळीज. आपल्या विद्यार्थिनीचा दोष कसा पदराखाली घेतायत बघा. ह्याला म्हणतात गुरू." आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पालकांनी वाजवल्या, शिक्षकांनी वाजवल्या, मुलांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. खरं बोललं तर लोक शिव्या देतात, दगड मारतात, हे मी इतिहासात शिकवलं होतं. टाळ्या वाजवून गाडून टाकतात हे मला माहीत नव्हतं.

नंतर ऑफिसात पोहे आले. ती आली नाही, ती सतरंज्या गोळा करत होती. मुख्याध्यापक माझ्या ताटलीत लिंबू पिळत म्हणाले, "मॅडम, मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर?"

"हिने सांगितलं होतं की."

"अवो, ऐन टायमाला सांगून काय उपेग? आन् त्या फ्लेक्सवाल्याचं तरी काय चुकलं? मी त्याला कळवलं, हुतात्म्यांचा फ्लेक्स करायचा, हा फोटू हाय. आपल्याकडं जवान शहीद झाला की वर्दीतलाच फोटू लावत्यात न्हवं? त्यानं वर्दीवाला घेतला."

मी पोहे खाली ठेवले. आमच्या गावांतून पोरं फौजेत जातात, काही पेटीतून परत येतात, आणि त्यांचे फ्लेक्स वर्दीतलेच असतात. त्या फलाटावर वर्दी फक्त मारणाऱ्यांच्या अंगावर होती. आमच्या डोळ्यांना सवयच अशी लागलीय की इस्त्रीचा गणवेष दिसला की मान खाली जाते. गाठोडं घेऊन उभी असलेली बाई ही आमच्या लेखी गर्दी असते, तिथली असो नाहीतर इथली.

दोन दिवसांनी मी बारामतीतलं ते फ्लेक्सचं दुकान गाठलं. आईचा फ्लेक्स केला तेच दुकान; शाळेच्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात त्याचंच नाव छापलेलं होतं. दुकानदार आता पिकला होता, त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, मला तो पूर्ण फोटो दाखवा. त्याने कॉम्प्युटरवर काढून दिला.

"क्लिअर चेहरा हाच एक होता, मॅडम," तो म्हणाला. "मागची गर्दी काढायला लई वेळ गेला. ह्यो हात तेवढा वर्दीच्या बाहीत घुसलेला, तो निघंना."

हात एका म्हातारीचा होता. डोक्याला रुमाल, काखेत गाठोडं. ती त्या अधिकाऱ्याला काहीतरी विचारत होती. साहेब दिसला की आपल्याकडची म्हातारी तहसील कचेरीत विचारते ना, कुठल्या खिडकीला जाऊ म्हणून, तशी. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

मी म्हटलं, हा असाच छापून द्या, काही काढू नका. तो तयार झाला. माणूस कामाचा पक्का होता. माउस धरून त्याने विचारलं, "खाली नाव काय टाकायचं?" मी म्हटलं, नाव माहीत नाही. "मंग शोकाकुल?" मी म्हटलं, तेही राहू दे. त्याला ते फारसं पटलं नाही, पण त्याने छापून दिला.

कार्यक्रमाचा व्हिडिओ गावागावांत फिरला. कुणा पालकाने काढलेला. माझं बोलणं लांबलं होतं म्हणून ते कापलं होतं, आणि उरलं होतं ते फक्त तिचं 'चूक माझी आहे, मी सर्वांची माफी मागते' एवढंच. अहवालात मुख्याध्यापकांनी कामात निष्काळजीपणा असं लिहिलं. ते वाईट माणूस नाहीत हे मी आधी लिहिलंय, ते मी खोडत नाही. वरून कुणी विचारलं असणार, त्यांनी कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. मी फोन केले, ओळखीच्या लोकांकडे गेले, सगळ्यांनी चहा पाजला. उन्हाळ्यात तिला घरी बसवलं.

मे महिन्यात मी पळसदेवला तिच्या माहेरी गेले. ती मुलाला घेऊन तिथेच राहायला आली होती. तो छापलेला फोटो गुंडाळून बरोबर नेला होता. का नेला, तिला तो बघून बरं वाटेल असं मला का वाटलं, देव जाणे. उजनीचं पाणी उतरलं होतं, जुनं देऊळ वर आलं होतं, आणि पुण्याकडच्या गाड्या लावून लोक त्याच्या पायऱ्यांवर सेल्फी काढत होते. तिची आई अंगणात चिलापी मासे साफ करत बसली होती.

ती चहा घेऊन आली आणि समोर बसली. बराच वेळ पोराचं, उन्हाचं, पाण्याचं बोलणं झालं. मग तीच म्हणाली, "तुमी खरं बोललात, बाई. माझा राग न्हाय." कपाकडे बघत राहिली. "पर तुमाला पेन्शन हाय."

मी कपातला चहा संपवून टाकला.

"तुमी हार घातला असता तर काय झालं असतं?" तिने विचारलं. भांडणाचा सूर नव्हता, वर्गात शंका विचारायची तशीच विचारली. "मेलेली माणसं काय पुन्यांदा मेली असती का?"

हो, असं माझ्या मनात आलं. त्याच मांडवात, आपल्या डोळ्यांदेखत मेली असती. पण हे तिच्या अंगणात, तिच्या पोरासमोर बोलायला माझी जीभ उचलली नाही. उद्या पुन्हा तसा फ्लेक्स समोर आला तर मी पुन्हा हार ताटात ठेवीन आणि तिची नोकरी पुन्हा जाईल, हे मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ कळत होतं. तिलाही कळत असावं. मी फार चांगली माणूस आहे असं मला त्या दिवशी अजिबात वाटलं नाही, आणि मी चुकले असंही वाटलं नाही. दोन्हींपैकी एक वाटलं असतं तर रात्री झोप लागली असती.

काहीतरी करायचं म्हणून मी फोटो उलगडून सतरंजीवर पसरला. तो सारखा गुंडाळला जात होता म्हणून दोन टोकांवर कप ठेवले. तिने एकदा बघितलं आणि नजर देवळाकडे वळवली. तिची आई मात्र हात धुऊन, पदराला पुसून जवळ आली आणि वाकून बघायला लागली. एकेका तोंडावरून तिची नजर सावकाश फिरली. रुमालवाल्या बायका, गाठोडी, आईचा झगा धरून उभं असलेलं एक पोर. आमच्याकडे घोळक्याचा फोटो कुणी समोर धरला की जे विचारतात तेच तिने विचारलं.

"ह्यात तुमचं कोण?"

मी त्या म्हातारीच्या हातावर बोट ठेवायला गेले. त्याआधी तिची लेक बोलली.

"आपलं कुणी न्हाय गं, आई. ह्यांच्यापायी माझी नोकरी गेली."

आई झटकन मागे सरकली. फोटोकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. "मंग घरात कशाला आणलंया?"

मी दोन्ही कप उचलले. फोटो आपोआप गुंडाळला गेला. त्याला रबर लावलं, काखेत धरला आणि बसला निघाले.